संत योहानाचा दिवस : साष्टीच्या कालगणनेंतील एक अडचण

साष्टीच्या पोर्तुगीज अमदानीचे कागद वाचणारास तारखेऐवजीं ‘संत योहानाचा दिवस’ एवढाच निर्देश आढळल्यास तो २४ जून समजावा. मात्र हा सण मूळचा कोणत्या ऋतूंतला, हें आपल्याकडील पावसांत ध्यानांत येत नाहीं. त्याकरितां यूरोपच्या उत्तर टोंकास गेलें पाहिजे.

फिनलंडांत या सणास ‘युहान्नुस’ म्हणतात. हें योहानाचेंच नांव. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणें योहान हा येशूहून सहा महिन्यांनीं वडील. म्हणून नाताळाच्या समोर, वर्षाच्या दुसऱ्या अंगास, त्याचा जन्मदिन ठरला. पूर्वीं तेथें हा उत्सव उक्को या मेघगर्जनेच्या देवाचा असे. या दिवसांत उत्तर फिनलंडांत सूर्य मावळतच नाहीं. लोक तळ्याकांठीं ‘कोक्को’ म्हणजे लांकडांची मोठी होळी पेटवितात, दाराशीं भूर्जाच्या फांद्या उभ्या करितात, वाफेचें स्नान घेतात. उपवर मुली सात जातींचीं फुलें उशाखालीं ठेवून निजतात. भावी पति स्वप्नांत दिसावा हा हेतु. १९५५ पासून तेथें हा सण २० ते २६ जूनमधील शनिवारीं करितात.

पोर्तुगीजांनीं हाच संत कोंकणांत आणिला. पण आर्द्राच्या पावसांत होळी पेटणार कशी? गोव्यांतील ‘सांजांव’ पाण्याचाच सण होय. डोक्यावर फुलापानांची ‘कोपेल’ घालून तरुण भरल्या विहिरींत उड्या टाकतात, नव्या जांवयाचा मान होतो, शिवोलीस होड्या शृंगारितात.

आतां मूळ अडचण. भांडुप व सर्व साष्टी १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे, तर मुंबई बेट १६६५ पासून इंग्रजांकडे. पोर्तुगीजांनीं पोपचें नवें पंचांग १५८२ सालींच स्वीकारिलें. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यासच चिकटून राहिले. यामुळें भांडुपास योहानाचा दिवस उजाडे तेव्हां माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रजांच्या वहींत १४ जून, व १७०० पासून १३ जून लिहीत. उलट इंग्रजांचा २४ जून साष्टीच्या हिशेबानें ४ अथवा ५ जुलैस पडे. मराठी कागदाशीं मेळ घालतांना हें अंतर क्षुल्लक नव्हे. दहा-अकरा दिवसांत शुद्ध पक्षाचा वद्य पक्ष होतो, आणि बरोबर असलेली तिथि आपण लेखकाची चूक म्हणून खोडतों. असा कागद हातीं येतांच तो कोणत्या दफ्तरांतला हें आधीं टिपून ठेवावें. पुडकें एकदां फुटलें कीं तें पुन्हा कळत नाहीं.