वसईची मेमू आणि लुक्काचा तट

पनवेलहून युरोपातल्या एका जुन्या शहरात रेल्वेनं जाता येतं, तेही मेमूच्या तिकिटात. फक्त एक पथ्य पाळायचं. रायगड-राजगडला सरावलेले डोळे घरी ठेवायचे. त्या डोळ्यांनी वसईचा किल्ला पाहिला की निराशाच होते. ना चढ, ना कडा. सपाट जमिनीवर झाडाझुडपांत पसरलेल्या पडक्या भिंती. तोच पसारा शहर म्हणून पाहिला की माणूस थक्क होतो.

सोबत जुन्या बांधकामांचं वेड असलेली एक मैत्रीण होती. तिला खरं तर इटलीत लुक्का बघायचं आहे, रेल्वेनं गावोगाव हिंडत. ते होईल तेव्हा होईल, आधी वसई, असं ठरलं. गाडी तळोजा, निळजे मागे टाकत कोपरच्या पुढे उल्हास ओलांडते, मग भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र करत वसई रोडला पोचते. ही उल्हास जिथे समुद्राला मिळते, तिथेच आपलं शहर उभं आहे. कल्याणपर्यंतचा खाडीतला व्यापार ज्याच्या हाती हवा, त्याला ही जागा हवीच. स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा.

1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत तटाच्या आत एक सबंध शहर वसलं. रस्ते होते, चौक होता, जेझुइटांचं कॉलेज होतं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं चर्च आणि मठ निराळा. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये फरसबंदीवरच थडग्यांच्या शिळा आहेत. पायाखाली पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं येतात. चप्पल कुठे ठेवावी, हा प्रश्न तिथे मनात येतोच.

पण खरी कमाल तटाची आहे. 1494 मध्ये फ्रान्सचा राजा तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच, सरळ भिंतींचे जुने किल्ले कुचकामी ठरले. भिंत जितकी उंच, तितका तोफेला नेम सोपा. म्हणून इटालियन कारागिरांनी तट ठेंगणा आणि जाड केला. दुसरी अडचण बुरुजाची होती. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात, पायथ्याशी शत्रू चिकटून बसला, तर शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही. तेवढीच जागा सुरुंग खणायला पुरते. त्यावर उपाय निघाला तो भूमितीचा: बुरूज बाणाच्या टोकासारखा करायचा. मग त्याची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात येते आणि लपायला कोपराच उरत नाही. लुक्काचा तट याच विचारानं उभा राहिला. त्यावर आज लोक सायकली चालवतात. वसईचा तटही त्याच सोळाव्या शतकातला, त्याच विचाराचा. मैत्रीण बुरुजाच्या टोकावर उभी राहिली, मी शेजारच्या बुरुजाकडे गेलो. पायथ्याला खरंच आडोसा सापडेना. नकाशात ही युक्ती चटकन कळते, पण पटते ती तिथे उभं राहिल्यावर.

एवढी बिनचूक भूमिती, तरी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं हे शहर घेतलं. वरची बाजू तोफांच्या माऱ्यात होती, म्हणून मराठे जमिनीखालून गेले. सुरुंग खणत तटाखाली पोचले, बारूद ठासली आणि संत सेबॅस्टियनच्या नावाच्या बुरुजाला खिंडार पडलं. युरोपात वेढा घालणारेही हाच मार्ग धरत. म्हणजे शहर युरोपीय आणि ते पडलं तेही युरोपातल्या शहरांसारखंच. शौर्याच्या कथांमध्ये या खणणाऱ्या हातांचा उल्लेख ओझरता येतो, हे मला खटकतं. अंधारात, डोक्यावर शत्रूचा तट आणि हातात कुदळ, याला काय छाती लागत असेल!

चर्चचे मनोरे आज घंटांविना आहेत. त्या घंटा विजयाची खूण म्हणून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या देवळांत पोचल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल 1707. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच. वसई नीट पाहायची तर ही सगळी गावं त्यात धरायला हवीत, आणि त्यांच्यासाठी मेमू पुरायची नाही. पनवेलकरांना सर्वांत जवळची पडते ती पालीची, बल्लाळेश्वराच्या देवळातली. तिथे एसटी जाते.