गोंदियाच्या आडवाटा: सायकलीला हवा तसा रस्ता

पॅरिसहून निघायचं, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर सुमारे 1200 किलोमीटर, मुदत 90 तास. 1891 साली सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सायकलवारी आता दर चार वर्षांनी होते. 2019 आणि 2023 मध्ये शेकडो भारतीय सायकलस्वार तिथे पोचले. या वारीचा बराचसा मार्ग खेड्यांमधून जाणाऱ्या लहान रस्त्यांचा आहे. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये एखादं चर्च, एखादी बेकरी आणि क्वचित येणारी मोटार. फ्रान्समध्ये सायकल चालवायची ती अशा रस्त्यांसाठी, असं जगभरचे सायकलप्रेमी मानतात.

ही शांतता तिथे सायकलस्वारांसाठी कोणी मुद्दाम तयार केलेली नाही. 1836 च्या कायद्याने फ्रान्समधल्या गावांवर आपापले रस्ते राखण्याची जबाबदारी आली आणि गावांना गावं जोडणारं दाट जाळं विणलं गेलं. पुढे विसाव्या शतकात मोठे महामार्ग झाले. लांबची वाहतूक तिकडे वळली, लहान रस्ते मागे राहिले आणि मोकळे झाले. गावाबाहेर सायकलला मागे टाकताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचं, हा नियम त्यात भर घालतो. शांत रस्त्याचं सूत्र साधं आहे: लहान रस्ते भरपूर हवेत आणि अवजड वाहनांना जायला दुसरी वाट हवी.

या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, आज आहेत.

वाहतूक कुठे जाते?

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. दक्षिणेकडून राष्ट्रीय महामार्ग 53 सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी करत छत्तीसगडात जातो. उत्तरेकडून मुंबई–हावडा लोहमार्ग जातो. लांब पल्ल्याचा माल आणि माणसं या दोन वाटांनी निघून जातात. तिसरी गर्दी जिल्ह्यांतर्गत आहे: गोंदिया–तिरोडा आणि गोंदिया–गोरेगाव–कोहमारा हे रस्ते, त्यांवरचे धानाचे ट्रक, वाळूचे टिप्पर, बसगाड्या. सायकलस्वाराने एवढे टाळले की उरतो तो सगळा जिल्हा त्याचा.

आणि उरतं ते बरंच आहे, कारण इथली वस्ती विखुरलेली आहे. या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, पाणी तलावांत साठवायची रीत जुनी. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या आणि लहानमोठ्या बोड्यांच्या आधाराने गावं बसली. गाव वाढलं की शेजारी टोला पडला. त्या टोल्यांना जोडणाऱ्या पांदण वाटांपैकी बऱ्याच डांबरी झाल्या त्या 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे आणि 2015 पासूनच्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेमुळे. सपाट प्रदेशात 500 लोकवस्तीच्या गावाला रस्ता देणाऱ्या प्रधानमंत्री योजनेत आदिवासी भागासाठी ही अट 250 वर आणली गेली. त्यामुळे सालेकसा, देवरीच्या जंगलातल्या लहान वस्त्यांनाही डांबर मिळालं. अशा रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर, फार कमी वाहतूक असेल तिथे तीनच. ट्रकला तिथे वेग घेता येत नाही. सायकलीला मात्र तेवढी रुंदी पुरून उरते.

रस्ता ओळखायचा कसा?

फ्रान्समध्ये लोक कागदी नकाशात पांढऱ्या आणि पिवळ्या रेघा शोधतात. आपल्याकडे रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहावा. डोक्यावर पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, निळा किंवा काळा म्हणजे जिल्हा मार्ग आणि नारिंगी म्हणजे ग्रामसडक. सायकलीचा दगड नारिंगी. रंग उडालेला असेल तर टपरीवर विचारावं, ‘इथून बस जाते का?’ दिवसातून एकदोनदाच जाते असं उत्तर आलं की खुशाल निघावं.

तीन वाटा

पहिली वाट पक्ष्यांची. गोंदिया तालुक्यात कामठा, बिरसी, परसवाडा, झिलमिली या बाजूला सपाट धानशेती आणि तलाव आहेत. हिवाळ्यात तलावांवर पाहुणी बदकं उतरतात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. तो घरटं बांधतो धानाच्या बांधीत आणि पाणथळीत. दुर्बीण असेल तर रस्त्यावरूनच पाहावं, बांधीत उतरू नये. चढ जवळपास नाहीत, त्यामुळे नवशिक्यांना आणि मुलांना ही वाट सोयीची.

दुसरी वाट तलावांची. तिरोड्याहून सुकडी डाकराममार्गे बोदलकसा आणि पुढे चोरखमारा. सुकडीला चक्रधर स्वामींचं स्थान आहे, त्यामुळे महानुभाव भाविकांची ये-जा असते. बोदलकसा, चोरखमारा हे दोन्ही तलाव टेकड्यांच्या कुशीत, नागझिऱ्याच्या उत्तर बाजूला आहेत. 1970 साली अभयारण्य झालेलं नागझिरा 2013 पासून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. चोरखमाऱ्याच्या फाटकाशी सायकल थांबते. आत जायचं तर सफारीच्या वाहनानेच.

दक्षिणेला याचंच मोठं रूप नवेगावबांधला दिसतं. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि नवेगावचं रान त्यांच्या पुस्तकांतून मराठी वाचकांच्या घरी पोचलं. तिथून अर्जुनी मोरगाव, गोठणगाव, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि प्रतापगड असा दिवसभराचा फेरा होतो. गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. धानाच्या मुलखात एकाएकी प्रार्थनेच्या पताका दिसतात, त्या 1972 पासून इथे राहणाऱ्या या लोकांच्या. महाशिवरात्रीला प्रतापगडाची यात्रा भरते. तेव्हा हा रस्ता सायकलचा राहत नाही.

तिसरी वाट चढाची: आमगाव, सालेकसा, दरेकसा. मुंबई–हावडा लोहमार्ग दरेकशाला डोंगरातल्या बोगद्यांतून जातो आणि रस्ता साग-बांबूच्या जंगलातून. हाजरा धबधबा दरेकसा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कचारगडच्या गुहा गोंड समाजाचं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून भाविक येतात. तिन्ही गावांना रेल्वे स्थानक असल्यामुळे थकल्यावर परतीची सोय आहे. नक्षल चळवळीमुळे हा भाग वर्षानुवर्षं फिरस्त्यांनी टाळला. आजही इथे दिवसाउजेडी फिरावं आणि पुढच्या रस्त्याची चौकशी गावातच करावी.

केव्हा, कशी काळजी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचं नाव दर हिवाळ्यात येतं. पहाटे धुकं असतं, म्हणून पुढचा-मागचा दिवा लावावा. कापणीनंतर शेतकरी धान रस्त्यावर वाळत घालतात. त्यावरून सायकल घालू नये, बाजूने चालत न्यावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसांबरोबर अस्वलंही येतात. त्या दिवसांत जंगलकडेच्या वाटा ऊन वर आल्याशिवाय धरू नयेत. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी नऊपर्यंतच काय ते फिरणं. पावसाळ्यात रोवणीची हिरवळ डोळे निववते, पण रपट्यावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी थांबावं. पंक्चर काढायचं सामान जवळ हवं. पोहे, आलुबोंडा आणि चहा मात्र चौकाचौकात मिळतो.

रस्त्याचे खरे मालक

या वाटांवर सकाळी दहाच्या सुमारास सायकली दिसतात त्या शाळेत जाणाऱ्या मुलींच्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळतात. टोल्यावरची मुलगी मोठ्या गावच्या शाळेत रोज याच पावणेचार मीटरच्या रस्त्याने जाते. पर्यटकाला हवी ती शांतता तिच्या शिक्षणाची गरज आहे. घरचे तिला एकटीला पाठवतात, कारण रस्ता धोक्याचा नाही.

म्हणून जिल्हा परिषदेने आणि बांधकाम विभागाने प्रत्येक रस्ता रुंद करण्याचा आग्रह सोडावा. जिथे गरज आहे तिथे रुंदीकरण जरूर व्हावं. बाकी ठिकाणी खड्डे बुजवणं, कडेची माती डांबराच्या पातळीला आणणं, वाळूच्या टिप्परांना गावरस्त्यावर बंदी घालणं आणि वळणावर गावाचं नाव व अंतर सांगणारी पाटी लावणं एवढं पुरेसं आहे. याला नवी जमीन लागत नाही, वेगळा सायकल मार्गही लागत नाही. नागपूरकरांनी सायकल पार्सल करून रेल्वेने गोंदिया गाठावं. गोंदियाकरांनी तर येत्या रविवारी घरातली जुनी सायकल काढावी, हवा भरावी आणि नारिंगी दगडाचा पहिला रस्ता दिसेल तिकडे वळावं.