कॅमेरा खिशात आल्यावर

1901 च्या डिसेंबरात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर होऊन मुंबईला परतले आणि चौपाटीवर त्यांचं जंगी स्वागत झालं. त्या गर्दीत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, विलायतेहून मागवलेला कॅमेरा लावून उभे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. भारतीय माणसानं घडत्या घटनेचं केलेलं चित्रीकरण म्हणून ज्या पट्ट्यांची नावं घेतली जातात, त्यांतल्या एका पट्टीचा नायक परीक्षा देऊन घरी आलेला मराठी विद्यार्थी असावा, हा योग गमतीचा आहे. पुढे 1912 च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून सलग पळवून दाखवली, तीही भांडवल घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. आज त्याला टाइमलॅप्स म्हणतात आणि त्याचं बटण आठवीतल्या पोराच्या फोनमध्ये असतं.

पत्रकारिता, मास मीडिया, समाजकार्य यांच्या अभ्यासक्रमांत हल्ली शेवटच्या सत्राला माहितीपट करावाच लागतो. गट पाडले जातात, विषय ठरतात, फोन बाहेर निघतात. अशा फिल्म्स पाहण्याचा, आणि त्यांच्या कच्च्या चित्रणासमोर मुलांबरोबर बसण्याचा, मला नाद आहे. त्या जोरावर माझं म्हणणं असं, की साधनांनी चित्रीकरण जवळपास फुकट करून टाकलं, पण त्यानं माहितीपट सोपा झाला नाही. त्यातला अवघड भाग फक्त जागा बदलून बसला. पूर्वी तो पैसे उभे करण्यात होता. आता तो ऐकण्यात आणि टाकून देण्यात आहे, आणि नेमकं हेच शिकवायला वेळापत्रकात तास नाही.

पैशाचा भाग काय होता, हे आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही. 16 एमएमचा 400 फुटी रोल साधारण 11 मिनिटं चालतो. मग लॅब, धुलाई, प्रिंट. समोरचा माणूस बोलायला लागला तरी कॅमेरा कधी सुरू करायचा, याचा हिशेब मनात चालू असे. आनंद पटवर्धनांनी बिहारच्या जेपी आंदोलनावर ‘क्रांती की तरंगें’ केली, तेव्हा काही भाग सुपर 8 वर टिपून, तो पडद्यावर टाकून, तो पडदा पुन्हा 16 एमएमवर टिपला होता. उलट आज फुल एचडीच्या एका मिनिटाला साठ ते एकशेतीस एमबी लागतात. 128 जीबीचा फोन रिकामा असेल तर पंधरा-वीस तास टिपत बसा, कोण विचारतंय?

तरी साधन नसणाऱ्यांनी काही केलंच नाही असं नाही. सुमित्रा भावे पुण्यात समाजकार्य शिकवत, संशोधन करत. झोपडपट्टीतल्या बायकांवरचं संशोधन अहवालाच्या रूपानं त्या बायकांपर्यंत पोचणार नाही, म्हणून त्या सिनेमाकडे वळल्या आणि 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट आला. सिनेमाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ तर नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना केलेला. तो कथापट आहे, माहितीपट नव्हे, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातून निघालेल्या विद्यार्थ्याच्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, हे त्यानं दाखवून दिलं. आणि फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सायकलीवर बसून घेतलेले ट्रॉली शॉट आठवत असतील. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल परवडत नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येक गटाला मी तो पाहायला लावतो.

फोन आणि माहितीपट यांच्या नात्याची अलीकडची दोन मोठी उदाहरणं इथे सांगायला हवीत. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित बातमीदार बायकांबद्दल आहे. छापील अंकाकडून फोनवरच्या बातमीकडे जाताना त्या काय काय शिकतात, कशाला घाबरतात आणि कशाला मुळीच घाबरत नाहीत, ते त्यात दिसतं. दुसरं उदाहरण पुण्याचं. 2015 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी 139 दिवस संप केला. तिथेच शिकणाऱ्या पायल कपाडिया यांनी त्या काळातलं चित्रण, मित्रांनी टिपलेले तुकडे, फोनवरची आणि सीसीटीव्हीची दृश्यं एकत्र आणली आणि एका काल्पनिक विद्यार्थिनीच्या पत्रांमध्ये ती गुंफली. ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला 2021 मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा मान मिळाला. फोनवरचं फुटेज खरखरीत आहे, थरथरतं आहे, पण जोडणीत इतका विचार आहे की ती खरखर हवीहवीशी वाटते.

आता जमिनीवर येऊ. पुण्यातले गट विषय निवडतात ते ठरलेले: तांबट आळी, इराणी हॉटेलं, वाडे. मुंबईतले गट डबेवाले आणि धारावीच्या कुंभारवाड्याकडे धावतात. वासुदेव दोन्हीकडे चालतो. तांबट आळीतल्या कारागिरांना कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं हे आता आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार! विषय जुना असायला हरकत नाही. हरकत आहे ती आधी काय झालंय ते न पाहता जाण्याला. स्वतःच्या घरातल्या ऊसतोडीबद्दल, वसतिगृहातल्या पाण्याबद्दल, आईच्या अंगणवाडीबद्दल फिल्म करायला सांगितली की मुलं म्हणतात, ‘सर, त्यात दाखवण्यासारखं काय आहे?’

तांबट आळीचंच उदाहरण घेऊ, कारण आवाजाचा धडा तिथे फार स्पष्ट मिळतो. एका गटाचं फुटेज आम्ही पाहत होतो. कारागीर हंड्याला ठोके देत देत बोलत होते. चित्र सुंदर: तांब्यावर उमटत जाणारी एकसारखी खूण, बाजूला चिंच लावून घासलेली पातेली. पण ऐकायला गेलं तर प्रत्येक ठोक्यानंतर माणसाचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा आणि हळूहळू वर यायचा, तेवढ्यात पुढचा ठोका. हे फोन करतो. मोठा आवाज आला की तो आपणहून पातळी खाली ओढतो आणि नंतर सावकाश सोडतो. बोलण्यातले निम्मे शब्द त्या खड्ड्यांत गेले होते, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरनं ते वर काढता येत नव्हते. त्यात एक वाक्य वडिलांबद्दलचं होतं. तेच अर्धवट.

उपाय महागडा नाही. ॲपमध्ये आवाजाची पातळी हातानं ठरवायची, सर्वांत मोठा आवाजही उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी. काही शे रुपयांचा कॉलर माइक सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी लावायचा. सोन्याची साखळी किंवा मंगळसूत्र त्यावर घासत नाही ना, ते पाहायचं. मुलाखत काम थांबल्यावर घ्यायची. ठोके वेगळे टिपायचे, जवळून आणि गल्लीच्या टोकावरून, आणि जोडताना हवे तिथे खाली घालायचे. शिवाय सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर टिपायचा: पंखा, रस्ता, शेजारचा रेडिओ. हे एक मिनिट संकलनात दर दोन वाक्यांच्या मधे उपयोगी पडतं, आणि ते कुणीही आणत नाही. त्याऐवजी नेटवरचं बासरीचं संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत अंथरतात, परवानगी न विचारता. फिल्म वर चढवली की हक्काची नोटीस येते आणि आवाज बंद होतो.

प्रकाशाचं त्या मानानं लवकर आटोपतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवलं नाही तर चित्रावर पट्टे सरकतात. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांचं दुखणं जवळपास तेच. दुसरी खोड फोनची. तो फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, प्रकाश कमी झाला की हळूच घटवतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, आणि संकलन करणारी मुलगी स्वतःला दोष देत बसते. आधी हँडब्रेकसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून क्लिप स्थिर वेगाची करून घेतली की प्रश्न मिटतो.

ड्रोनबद्दल माझं मत पूर्वग्रहदूषित आहे. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या छोट्या ड्रोनला 2021 च्या नियमांत वैमानिकाचा परवाना लागत नाही (कुठे उडवायचं याचे नकाशे मात्र पाहावे लागतात), आणि तेव्हापासून प्रत्येक गाव मला आधी घारीच्या उंचीवरून दिसतं. गावात जाणारा माणूस एसटीतून उतरतो.

खरी कसोटी संकलनात. डाव्हिंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, मोठ्या पडद्याचे सिनेमेही त्यावर रंगवले जातात. तेव्हा साधनाची तक्रार इथे चालत नाही. अडतं ते बारा तासांच्या फुटेजमधली बारा मिनिटं कुठली, इथे. मुलं टाइमलाइनवर सगळं ओततात आणि कापत सुटतात. जुनी पद्धत कंटाळवाणी पण भरवशाची: प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवायची, कागदावर खुणा करायच्या, तुकडे जमिनीवर मांडून क्रम लावायचा. उतरवण्याचं काम आता यंत्र करतं, प्रमाण मराठी असेल तर बऱ्यापैकी. अहिराणी किंवा मालवणी आली की ते बिनधास्त भलतंच लिहितं, आणि ज्यानं मूळ ऐकलंच नाही त्याला ते खरं वाटतं. स्वतः उतरवताना आणखी एक गोष्ट हाती लागते: बोलणारा कुठे थांबला. उतरवलेल्या मजकुरात ते थांबणं नसतं. रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ पाहा. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले म्हातारपणी आठवणी सांगतात, कॅमेऱ्यामागच्या मंडळींनाही बोलण्यात ओढतात. कुणा नीटनेटक्या माणसानं कापले असते असे क्षण रीनाताईंनी ठेवले. त्या मुळात संकलक, म्हणून त्यांना काय ठेवायचं ते कळलं.

शीर्षकं आणि सबटायटल हा मराठी मुलांच्या वाट्याला आलेला खास छळ. ॲडोबच्या प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय सुरू केला नाही तर ‘दिग्दर्शक’ मधला रफार उडून भलत्याच अक्षरावर बसतो. तशाच चुकीच्या नावानिशी फिल्म महोत्सवाला जाते. राहिली कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रं. 1972 च्या दुष्काळाचा फोटो मिळाला नाही म्हणून यंत्राकडून ‘जुना’ फोटो बनवून घेतलेला मी पाहिला आहे. त्याला मी माहितीपट म्हणणार नाही. काळा पडदा ठेवा आणि त्यावर म्हातारीचा आवाज ऐकवा.

परवानगीचा कागद सगळे भरून घेतात, कारण त्याला गुण असतात. पण सहीच्या वेळी ‘कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आहे, काकू’ म्हणायचं आणि दोन महिन्यांनी तेच बोलणं रील म्हणून गावभर फिरवायचं, हे सर्रास चालतं. काकूंनी जावेबद्दल सांगितलेलं जावेच्या फोनवर पोचतं. फिल्म कुठे दाखवली तर चालेल, हे विचारायला पुन्हा जावं लागतं. कच्ची फिल्म त्यांना दाखवून, नको असेल ते काढून.

आणि उरलेल्या फुटेजचं काय? शाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये 1985 साली गाताना दिसले. 1997 च्या जुलैत मुंबईच्या रमाबाईनगरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी जीव दिला, आणि तिथून सुरू झालेला पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांनी पुरा झाला. जुनं चित्रण कुणीतरी जपलेलं होतं म्हणून त्यात तो आवाज येऊ शकला. आपल्या बहुतेक विभागांत मात्र जूनमध्ये नवी तुकडी आली की संगणक मोकळे केले जातात; बारा मिनिटं यूट्यूबवर उरतात, बारा तास जातात. त्या बारा तासांत गावातल्या शेवटच्या कल्हईवाल्याची अख्खी मुलाखत असू शकते. दोन हार्डडिस्क, त्यातली एक ग्रंथालयात, आणि एक वही एवढं प्रत्येक कॉलेजला जमण्यासारखं आहे: गाव, तारीख, कोण बोलतंय, कुठल्या बोलीत, आणि परवानगी कशापुरती दिली आहे.