दुसऱ्या पाळण्यापूर्वीं

आमच्या घरीं पावणेतीन वर्षांचा एक नातू आहे, आणि सुनेला आठवा महिना लागला आहे. एका जन्मानंतर पुढील गर्भारपणापूर्वीं निदान २४ महिने जावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळली गेली खरी. पण त्यानें थोरल्याचें समाधान कसें व्हावें?

‘आईच्या पोटांत बाळ आहे’ असें कळतांच त्यानें पोळीचा तुकडा तिच्या पोटाला लावून ‘खा’ म्हणून आग्रह मांडला. सगळीं हंसलीं. पुढें आईनें त्याला उचलून घेणें थांबविलें व ‘बाळाला लागेल’ असें कारण दिलें. झालें! न आलेल्या भावंडाशीं वैर जडलें. अंथरूण पुन्हां भिजूं लागलें; आपल्या हातानें जेवणारा मुलगा भरवून मागूं लागला. मी रागें भरलों. इतकीं वर्षें मुलें शिकवूनहि ही चूक माझ्या हातून झाली. तो हट्ट नव्हता, आपली जागा जाण्याचें भय होतें.

आतां सून खालीं बसते व तो आपणच मांडीवर चढतो. ‘माझी पाठ दुखते’ एवढेंच ती सांगते, आणि तें खोटेंहि नाहीं. आजीजवळ निजण्याची संवय आतांच लावली आहे. ऐन बाळंतपणाच्या दिवशीं लावली असती, तर तो दोषहि बाळाच्याच माथीं गेला असता. अखेरच्या महिन्यांत गर्भाला आवाज ऐकूं येतात, म्हणून तो रोज पोटाशीं तोंड नेऊन चिऊची गोष्ट सांगतो. काल गोष्ट संपवून त्यानें मला हळूच विचारलें, ‘आजोबा, बाळ आलें कीं परत कधीं जाणार?’