झीलकऱ्यांची शाळा

ज्यू मुलांना आणि त्यांच्या आईबापांना धर्मगीते शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी अमेरिकेत खास शिबिरे भरतात. गाणे शिकवायला शिबिर कशाला, असे प्रथम मलाही वाटले होते. पण माझे अर्धे आयुष्य द्वारसभांत गेले. समोर पाचशे कामगार उभे असताना आपण गाणे म्हणणे निराळे आणि ते पाचशे गाऊ लागणे निराळे. पहिल्याला गळा लागतो. दुसऱ्याला काय लागते, हे शिकवणारी शाळा मला तरी कोठे भेटली नाही.

अडचण मुळात भाषेची आहे. ज्यूंच्या प्रार्थना हिब्रू. अमेरिकेतील मुले बोलतात इंग्रजी. पुष्कळ घरांत आईबापांनाही हिब्रू येत नाही, म्हणून मुलाला शिकवायचे तर त्याच्या शेजारी बसलेल्या बापालाही, त्याला न लाजवता, शिकवावे लागते. सिनेगॉगमध्ये हझान, म्हणजे तयारीचा गायक, प्रार्थना गाई आणि मंडळी ऐकत. ऐकून आदर वाढतो, पण शब्द तोंडी बसत नाहीत.

ही कोंडी फोडणाऱ्यांत डेबी फ्रीडमन हे नाव मोठे. 1951 मध्ये जन्मलेल्या या बाईला स्वरलिपी वाचता येत नसे. गिटार ती कानाने शिकली. मुलांच्या उन्हाळी शिबिरांत तिने जुन्या प्रार्थनांना सोप्या चाली लावल्या. कित्येक गीतांत हिब्रूच्या जोडीला इंग्रजी चरण घातले, म्हणजे अर्थ आणि मूळ शब्द एकाच दमात यावेत. 1972 मध्ये तिची पहिली तबकडी निघाली. पुढे 1992 पासून विस्कॉन्सिन राज्यातील ओकोनोमोवॉक येथे गीतशिक्षकांचे शिबिर भरू लागले, त्यातही तिचा पुढाकार होता. शिबिराचे नाव 'हावा नशिरा', म्हणजे 'चला, गाऊ या'.

अशा शिक्षणात पहिला धडा पट्टीचा. शिक्षक आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि पोरांचे आवाज खाली कोठेतरी बुडून जातात. तेव्हा पट्टी मुलांची धरायची. एक चरण आपण म्हणायचा, तोच सभेने म्हणायचा, मग दोन जोडायचे. कागद वाटला की माना खाली जातात, म्हणून पालुपद तरी तोंडीच द्यायचे. आणि ज्याला एकही शब्द येत नाही त्याच्यासाठी 'निगुन' आहे. हासिदी पंथाची ही शब्दांवाचूनची चाल. नुसते 'लाय लाय' म्हणत तीन वर्षांचे पोर आणि त्याचा आजा एकाच वेळी सामील होतात. आमच्याकडे पोवाड्यात झीलकरी जे करतो, तेच सबंध सभेकडून करवून घ्यायचे.

यावर जाणत्यांचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ज्यू प्रार्थनेत 'नुसाख' नावाची परंपरा आहे: रोजची संध्याकाळ, शब्बाथची सकाळ, वर्षारंभाचे सण, प्रत्येकाची सुरावट वेगळी. आपल्याकडे रागांना वेळ असते, तसेच काहीसे. गिटारीच्या गोड चालींनी हे सारे पुसले तर मुलाला गाणी शेकडो येतील, पण डोळे मिटून आज कोणता दिवस हे ओळखता येणार नाही. मला हा आक्षेप पटतो. तरीही ज्या घरात कोणी गातच नाही, तिथे नुसाख तरी कोण सांभाळणार? हझानांना शिकवणाऱ्या हिब्रू युनियन कॉलेजने 2007 मध्ये याच स्वरलिपी न येणाऱ्या बाईला अध्यापक नेमले, आणि 2011 मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्या संगीतशाळेला तिचे नाव दिले. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माझ्यासारख्याला याचा आनंद झाला, हे लपवीत नाही.

परक्या भाषेतील धर्म घरच्या चालीत आणण्याचा हा उद्योग आपल्या कोकणातही झाला आहे. बेने इस्रायल मंडळींची मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हिंदू कीर्तनाचा साचा उचलला आणि अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने साक्या-दिंड्यांत मराठीतून सांगितली. ऐकणाऱ्या बायाबापड्यांना हिब्रू येत नसे. कथा मात्र पाठ झाली. पुढे ही मंडळी इस्रायलात गेली, तेव्हा मराठी गाणीही बरोबर गेली, आणि तिथे ती मुख्यतः बायकांनी सांभाळली. त्यांतल्या कोणी शिबिर केले नव्हते. आजी गात असे, स्वयंपाकघरातली पोर झील धरी.