रफार कुठे द्यायचा?

बोरिवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या धीम्या लोकलमध्ये दुसरीतले एक मूल खिडकीशी बसून पाट्या वाचत आहे असे समजू. बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर इथवर गाडी आणि वाचन दोन्ही सुरळीत चालतात. जोगेश्वरीला मूल अडखळते. अंधेरी सहज जाते, पण विलेपार्ले, सांताक्रूझ आणि वांद्रे ही स्थानके ते अंदाजाने सांगते. मध्य रेल्वेने गेलो तरी हाच अनुभव येतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर सोपे; कांजूरमार्ग, विद्याविहार, कुर्ला कठीण. ज्या पाटीवर जोडाक्षर आहे तिथेच नेमके घोडे अडते.

अशा मुलाला आपण चटकन ‘वाचनात कच्चा’ म्हणतो आणि तोच शब्द दहा वेळा लिहायला देतो. त्याने नेमके काय साधते? याचा विचार करण्यासाठी आपण जरा दूर, चीनमधल्या शाळेत डोकावू या.

चिनी लिपीत आपल्यासारखी मुळाक्षरे नाहीत. तेथे साधारणपणे एका अर्थपूर्ण उच्चाराला एक चिन्ह असते. चीनच्या २०११ च्या अभ्यासक्रमानुसार सहावीच्या अखेरीस मुलाला सुमारे ३,००० चिन्हे ओळखता आली पाहिजेत आणि त्यांपैकी सुमारे २,५०० लिहिता आली पाहिजेत. इतकी चित्रे सुटी सुटी पाठ करणे कोणालाच जमणार नाही. मग मुले शिकतात कशी?

याचे उत्तर चिन्हांच्या रचनेत आहे. बहुतेक चिन्हे दोन भागांची बनलेली असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. ‘मा’ म्हणजे आई. या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ असतो. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. पण घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, फक्त सूर वेगळा. तसेच ‘छिंग’ उच्चाराच्या एका चिन्हाला पाण्याची खूण जोडली की ‘नितळ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’ आणि हृदयाची जोडली की ‘भावना’ असा अर्थ होतो. शिक्षक अशी कुटुंबे एकत्र मांडून दाखवतात. रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या याचेही नियम असतात: वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत सुमारे १,६०० चिन्हे ओळखायची असतात, पण लिहायची फक्त ८००. म्हणजे वाचन पुढे चालते आणि लेखन मागून येते. ओळखताना चिन्ह डोळ्यांसमोर असते. लिहिताना ते मनातून बाहेर काढावे लागते. दुसरे काम अधिक अवघड आहे हे तेथे मान्य केले आहे.

आता आपल्या लिपीकडे वळू. ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी ४०८ अक्षरे होतात. त्यात जोडाक्षरांची भर पडते. कन्नड लिपीची रचना आपल्यासारखीच आहे. सोनाली नाग यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कन्नड मुलांचे अक्षरे शिकणे चौथीपर्यंत चालू राहते असे आढळले. तेव्हा दुसरीतल्या मुलाचे अडखळणे यात नवल नाही.

आपल्याकडे एक सोय मात्र आहे. आपल्या जोडाक्षराचे भाग उच्चारच सांगतात. ते जोडण्याच्या रीतीही मोजक्याच आहेत. ग, त, न, म, श, स अशा अक्षरांच्या शेवटी उभा दंड असतो. तो काढला की अर्धे अक्षर मिळते. जोगेश्वरीतला ‘श्व’ असा होतो. क आणि फ यांचा दंड मध्ये असतो, म्हणून त्यांची उजवीकडची कमान आखूड होते. ट, ड, द, ह यांना पूर्ण दंडच नाही. म्हणून विद्याविहारच्या ‘द्या’मध्ये ‘द’ला ‘य’ खालून बिलगतो. तो प्रथम ‘द्‌ + या’ असा पायमोडका दाखवला तर मुलाला चटकन उमगतो.

सर्वांत चकवतो तो ‘र’. कुर्ला म्हणताना र आधी आणि ला नंतर येतो, पण र बसतो ‘ला’च्या डोक्यावर. सांताक्रूझमध्ये क आधी आणि र नंतर. इथे तो ‘क’च्या पायाशी असतो. यावरून मुलांना नियम सापडतो: डोक्यावरचा र आधी म्हणायचा, पायाशी असलेला नंतर. दर्या (समुद्र) आणि दऱ्या (डोंगरातल्या) यांतला फरक त्यानंतर, सावकाश दाखवावा.

वर्गात हे करायला खर्च येत नाही. स्थानकांच्या नावांची कार्डे करावीत. र डोक्यावर असलेली एका बाजूला (चर्चगेट, कुर्ला, विलेपार्ले, कांजूरमार्ग), पायाशी असलेली दुसऱ्या बाजूला (वांद्रे, सांताक्रूझ) अशी मुलांनाच लावू द्यावीत आणि नियमही त्यांनाच शोधू द्यावा. पहिले काही आठवडे फक्त वाचन घ्यावे. लिहायला दोनतीन शब्द पुरेत. घाटकोपर-मुलुंडच्या वर्गांत गुजराती वाचणारी मुले असतात. गुजरातीतही दंड काढून अर्धे अक्षर होते आणि रफार डोक्यावरच असतो. ही मुले इतरांना शिकवू शकतील. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. घरी मराठी न ऐकणाऱ्या मुलांना तर अशा आधाराची गरज अधिकच आहे.

शेवटी चुकांविषयी. एखादे मूल ‘पर्वत’ऐवजी ‘प्रवत’ लिहिते. नीट पाहिले तर प, र, व, त ही चारही व्यंजने आली आहेत आणि त्यांचा क्रमही बरोबर आहे. फक्त र पुढच्या अक्षराऐवजी मागच्याला जोडला गेला आहे. मुलाला बरेच येते, एवढेच ही चूक सांगते. आमच्या वह्यांतही अशा शब्दांखाली लाल रेघा असत आणि शेजारी ‘दहा वेळा लिही’ असा शेरा. पुढच्या वेळी ‘प्रवत’ दिसले, की लाल पेन बाजूला ठेवून त्या मुलाला ‘कुर्ला’ची पाटी वाचायला सांगू या. र कुठे बसला आहे आणि आपण तो केव्हा म्हणतो, एवढेच विचारू. चूक बहुधा ते स्वतःच दुरुस्त करील.