मिटलेले प्रकरण

दर रविवारी सकाळच्या मोटारीने मी धारेहून बदनावरला जातो. बाजारामागील एका जुन्या घराच्या माडीवर आठ-दहा मुलामुलींना गाणे शिकवतो आणि संध्याकाळी परत येतो. माझे वडील कोवळ्या वयात दरबारी गवई म्हणून चाकरीस लागले. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. त्यांच्या नावामुळे मला या भागात थोडा मान मिळतो, आणि त्या मानामुळेच गाण्याशी काडीचा संबंध नसलेले एक काम माझ्या गळ्यात पडले. जिल्ह्यातील एका कौटुंबिक समुपदेशन मंडळावर ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून माझी नेमणूक झाली.

गेल्या महिन्यात त्या मंडळाच्या कामाचा आढावा घेण्यासाठी एक छापील तक्ता मजकडे आला. रकाने चार: आलेली प्रकरणे, मिटलेली, न्यायालयात गेलेली, प्रलंबित. मी लेखणी उचलली आणि दुसऱ्या रकान्यापाशी थांबलो. त्यातील एक आकडा माझ्या चांगल्या परिचयाचा होता.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. कुटुंब मराठी, तीन पिढ्या बदनावरात राहिलेले. आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यात बसेल असे. नवऱ्याचे लहानसे दुकान बसले, कर्ज झाले, दारू आली, बायकोचे दागिने गहाण पडले आणि मग हात उठू लागला. दोन मुले, त्यांतील थोरली माझी शिष्या. प्रकरण आमच्या मंडळापुढे आले तेव्हा आम्ही पाच जण टेबलामागे ओळीने बसलो होतो. नवऱ्याने मान खाली घालून ‘पुन्हा होणार नाही’ म्हटले. बाईंनीही मान हलवली. दोन तासांत कागद झाला, त्याखाली माझीही सही झाली. परतीच्या मोटारीत मला फार बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलीच्या गाण्यात मला फरक जाणवू लागला. आवाज मूळचा मोकळा, तार षड्जाला सहज पोचणारा. तो आता पंचमाच्या वर जाईना. घसा तर ठीक होता. मी विचारले, “घरी रियाज होत नाही का ग?”

“होतो ना, गुरुजी,” ती म्हणाली, “पण तोंड मिटून. मोठ्याने गायले की बाबा चिडतात, मग आईला...” पुढे ती बोलली नाही.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. नवरा घरी नव्हता. बाईंनी चहा केला आणि अगदी शांतपणे सांगितले, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही सगळी मोठी माणसे समोर बसला होता. तुम्ही विचारलेत, नांदायला जाणार ना? मी हो म्हटले. मारणे थांबले का, हे विचारायला नंतर कोणी आलेच नाही.”

या एका वाक्याने आमच्या मंडळाचा आढावा झाला. पुढचे मी केवळ टिपून घेतले. थाण्यावर तिने मारहाण सांगितली. दवाखान्यात मनगटाची सूज दाखवली. बचत गटात हप्ता का थकला ते सांगितले. शाळेत मुलगा गैरहजर का राहतो ते सांगितले. आणि शेवटी आमच्यापुढे सारे पुन्हा सांगितले. दर वेळी परक्या माणसांपुढे, दर वेळी पहिल्यापासून. एका कचेरीने ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवले, दुसरीने तिसरीकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. अख्खे कुटुंब कोणीच पाहिले नाही. आणि ज्यांनी ते पाहावे म्हणून आम्हांस बसवले होते, त्या आम्ही फक्त सही पाहिली.

आपल्याकडे कायदे वा योजना नाहीत, असे मुळीच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात ‘संरक्षण अधिकारी’ हे पद याच अडचणीसाठी ठेवले आहे: या अधिकाऱ्याने घडल्या प्रकाराचा अहवाल लिहावा, बाईला वकील, वैद्यकीय तपासणी व निवारा मिळवून द्यावा आणि न्यायालयाशी दुवा राखावा. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत, आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत, असे कायदाच सांगतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने ‘वन स्टॉप सेंटर’ ची योजना आणली. पोलीस, वैद्य, वकील व समुपदेशक एका छपराखाली मिळावेत आणि गरज पडल्यास पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असावी, ही त्यामागील कल्पना. शिवाय १८१ हा महिलांसाठी, १०९८ हा मुलांसाठी आणि १५१०० हा कायदेविषयक मदतीसाठी, असे दूरध्वनी क्रमांक आहेत. वाचकांनी ते घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत.

योजना उत्तम, पण एक छप्पर जिल्ह्याच्या गावी असले तर बदनावरच्या बाईस पन्नासेक किलोमीटर जावे लागते, मुलांना कोणापाशी तरी ठेवावे लागते आणि घरी खोटे कारण सांगावे लागते. संरक्षण अधिकाऱ्याचे कामही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच खात्यातील माणसाकडे जादा म्हणून दिलेले असते. म्हणजे दारे पुष्कळ झाली. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत सोबत करणारे माणूस तेवढे राहून गेले.

हे माणूस कसे असते, याचे उदाहरण मुंबईने फार पूर्वी घालून दिले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ उघडला. तेथे शिकलेला समाजकार्यकर्ता पोलिसांच्या शेजारी बसतो. पण त्याची निष्ठा त्या बाईशी. पुढे २००० साली ‘सेहत’ या संस्थेने मुंबई महापालिकेसह वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. विचार साधा होता: जी बाई थाण्याची पायरी कधीच चढणार नाही, ती ‘मोरीत पडले’ असे सांगत दवाखान्यात मात्र येते. परिचारिकेने ते ‘पडणे’ ओळखले पाहिजे. विलायतेत कार्डिफ शहरी २००३ पासून पोलीस, रुग्णालय, घरांचे खाते, मुलांचे खाते अशी सारी मंडळी एका टेबलाशी बसून सर्वांत धोक्यात असलेल्या स्त्रियांचा नावनिशीवार विचार करू लागली. ती पद्धत नंतर त्या देशभर पसरली.

परंतु एकत्र काम केले म्हणजे झाले असे नव्हे, हेही विलायतेनेच दाखवले. २०१२ साली इंग्लंडात अडचणीतील १,२०,००० कुटुंबांसाठी मोठी योजना निघाली. प्रत्येक कुटुंबास एक कार्यकर्ता, आणि कुटुंब ‘सुधारले’ की पालिकेस सरकारकडून पैसे. २०१५ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी जवळजवळ सर्व कुटुंबे सुधारल्याचे जाहीर केले. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध झाला. योजनेतील कुटुंबांची तुलना तशाच इतर कुटुंबांशी केली असता रोजगार, शाळेतील हजेरी, गुन्हे यांत योजनेमुळे पडलेला म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. कुटुंबांना धीर मात्र वाटू लागला होता, असे पाहणीत दिसले. ज्यास यशाचे पैसे मिळतात त्यानेच यश मोजले म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे. पैसे न घेणारे आमच्यासारखे प्रतिष्ठित नागरिकही त्यास अपवाद नाहीत. आम्हांस समाधान मिळत होते, हाच आमचा मोबदला.

वडील सांगत, संस्थानी अमदानीत पदरच्या माणसाच्या घरी संकट आले की कारभाऱ्याच्या कानावर एक शब्द घातला जाई. धान्य येई, वैद्य येई, मुलांची सोय लागे. दार एकच होते, हे खरे. पण ते मर्जीने उघडे, आणि आत शब्द टाकावयास पुरुष माणूस लागे. नवऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईसाठी ते उघडल्याचे मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आज हक्क आहे. त्या हक्कास तेवढी एका दाराची सोय हवी.

आता त्या कुटुंबाचे पुढे काय झाले ते सांगतो. महिला व बालविकासाचे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीस मी बाईंच्या संमतीने भेटलो. तिने बाईंची हकीकत एकदाच, सावकाश, दोन बैठकींत लिहून घेतली. त्यानंतर थाणे, वकील, शाळा, बचत गट यांच्याशी तीच बोलत गेली. बाईंस पुन्हा सारे उगाळावे लागले नाही. सरकारी खर्चाचा वकील मिळाला, अर्ज दाखल झाला. साठ दिवस केव्हाच उलटले, निकाल अद्याप नाही. बाई मुलांसह दोन खोल्यांत राहतात आणि शिवणकाम करतात. नवऱ्याचे दारू सोडण्याचे उपचार सुरू आहेत. कधी टिकतात, कधी मोडतात. मुलगा शाळेत जातो.

आणि आता तो तक्ता पाहा. घरात मार चालू होता तेव्हा हे कुटुंब ‘मिटलेल्या’ रकान्यात होते. आज मार थांबला आहे, मुले शांत झोपतात, तर ते ‘प्रलंबित’ रकान्यात आहे. तक्त्याच्या हिशेबी आमचे काम बिघडले!

तक्ता मी भरून पाठवला, कारण नियम आहे. मात्र सोबत एक पत्र जोडले. दर प्रकरणी तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने, मंडळाबाहेरील एखाद्या जाणत्या बाईने त्या बाईस एकटीस भेटून चार प्रश्न विचारावेत, असे त्यात सुचवले आहे. मार थांबला का? आपली हकीकत तुम्हांस किती वेळा, किती जणांपुढे सांगावी लागली? किती खेपा पडल्या आणि किती पैसे गेले? पुन्हा संकट आले तर कोणाकडे जाल, त्या माणसाचे नाव सांगता येईल का? हे चार रकाने भरले तर आमच्या कामाची किंमत कळेल. कदाचित ती आम्हांस आवडणार नाही.

आपल्या जुन्या घरांतून निवृत्त शिक्षिका, परिचारिका, वकील पुष्कळ आहेत. ‘आपल्याकडे असले काही नसते’ हे वाक्य आपण जपून वापरावे; त्याऐवजी महिन्यातील एक दिवस अशा बाईसोबत कचेरीच्या बाकावर बसण्यास द्यावा. तेवढ्यानेही तिची एक खेप वाचते.

गेल्या रविवारी ती मुलगी वर्गात आली. भूपाचा आलाप करताना तार षड्जाला गेली आणि तेथे थोडी थांबली. खाली अंगणात तिची आई उभी होती. रविवारी शिवणकाम बंद ठेवते, असे म्हणाली.